पॉइंट टू टू

अण्णांनी कपाटातून काढली तेव्हा ती जुन्या धोतरात गुंडाळलेली होती. "बारा हजार द्या मास्तर, आन् घिऊन जावा," ते म्हणाले. नवीच्या निम्म्याहूनही कमी भाव. पण माझं चित्त भावात नव्हतंच. लाकडी दस्त्याला तेलाचा जो वास येत होता, तो मी सदतीस वर्षांपूर्वी घेतलेला होता.

१९८३ साली कोल्हापुरात, एनसीसीच्या फायरिंगला याच बोअरची रायफल आमच्या हाती दिली होती. सगळे तिला 'पॉइंट टू टू' म्हणायचे. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, खांद्याला धक्का असा नाहीच. म्हणून शिकाऊ पोरांना तीच. पंचवीस यार्डांवर लक्ष्य, ताडपत्रीवर पालथं पडायचं, पाच फैरी. पहिल्या फैरीला मी चक्क डोळे मिटले. उस्ताद ओरडले नाहीत. म्हणाले, "चाप ओढू नकोस, दाबत जा. गोळी कधी सुटली ते तुझं तुला कळता कामा नये." उरलेल्या चार गोळ्या चार इंचांत बसल्या. पुढे गणिताच्या तासाला पायऱ्या गाळून उत्तराकडे धावणारी पोरं दिसली, की तेच वाक्य माझ्या तोंडी यायचं.

निवृत्तीनंतर रायफल क्लबात नाव घातलं, खेटे घालून परवाना मिळवला. शस्त्र मात्र परवडेना. ते परवडलं कायद्याच्या कृपेने. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला आणि एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा उरली. जादा शस्त्राची सोय लावायला एक वर्ष. गडहिंग्लजकडच्या अण्णांकडे नेमकी तीन होती. जोडनळी वडिलांची, ती देववेना. रिव्हॉल्व्हर रुबाबाचं. राहिली ही धाकटी.

बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. आतले पीळ स्वच्छ होते, गंज नव्हता. मात्र नळीच्या मागच्या तोंडाशी, काडतुसाची कड टेकते तिथे, नखाला लागेल असा खड्डा होता. "नातवाचा परताप," अण्णा म्हणाले. या काडतुसाची दारू पेटते ती कडेवर टोला बसून. काडतूस नसताना चाप दाबला, तर तोच टोला नळीच्या कडेवर बसतो. नातवाने सुट्टीभर रिकाम्या बंदुकीशी खेळ केला होता. भाव उतरायचं हेही एक कारण. निघताना अण्णांनी बजावलं, "रिकामी हाय म्हणून कुणाकडं त्वांड करू नगा. आन् रिकामी हाय म्हणून दाबू बी नगा."

ठाण्याला आगाऊ कळवणं, परवान्यांवरच्या नोंदी, कारागिराकडून तो खड्डा काढून घेणं, हे सगळं उरकून ती घरी आली. पत्नीने एकच विचारलं, "आता हिला कुठं ठेवायची?" कुलुपाचं लोखंडी कपाट घ्यावं लागलं, काडतुसांना वेगळा कप्पा. बाराचे वीस हजार झाले.

निवडणुका आल्या की तिला ठाण्यात जमा करायची. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा, विधानसभेला एकदा. मतदान मी करायचं आणि कोठडी तिला. हवालदार नंबर ताडून पावती देतो, मी ती पासबुकात जपून ठेवतो.

त्याच वर्षी १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याची रायफल माझ्या रायफलीपेक्षा कितीतरी पुढची, पण बोअर हाच, पॉइंट टू टू. ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचं, काबुली चण्याएवढं. त्या दिवशी टीव्हीवर मी गुण पाहिलेच नाहीत. दोन फैरींमधली त्याची उसंत पाहत बसलो.

क्लबात महिन्यातून एकदा जातो, पन्नास काडतुसं झाडतो, घरी येऊन नळीतून तेलाचं फडकं फिरवतो. झाडण्यापेक्षा पुसण्यातच वेळ जास्त जातो. गेल्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरताना मुलीने विचारलं, "बाबा, तुमच्यामागे हिचं काय?" अण्णांना तिसरी का नकोशी झाली असेल, ते तेव्हा जरा कळलं. तिला म्हटलं, आधी क्लबात चल, पालथी पड, पाच फैरी झाड, मग ठरव.

ती येते आता. पहिल्या गोळीला तिनेही डोळे मिटले. रिकामा चाप मात्र आमच्या घरात अजून कुणी दाबलेला नाही.