रिकाम्या जागेचं वजन

आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर छापखाना होता आणि अण्णा तिथे खिळे जुळवायचे. लोक त्यांना कंपोझिटर म्हणत, ते स्वतःला जुळारी म्हणवून घेत. बोटांची टोकं कायम काळी. अकरावीच्या सुट्टीत प्रुफं पोचवायला मी त्यांच्या हाताखाली लागलो. त्या वयात सगळेच कविता करतात, मीही करायचो. आमच्या कॉलेजचं नियतकालिक तिथेच छापायला आलं आणि माझी कविता अण्णांच्या हातात पडली.

''ही ओळ इथंच का मोडलीस रे?''

''अशीच. बरी दिसते म्हणून.''

ते काही बोलले नाहीत. पुढ्यात घेऊन त्यांनी ती जुळवून दाखवली. कागदावर कोरी दिसणारी जागा छापखान्यात कोरी नसते. ओळ चार शब्दांत संपली तर उरलेली लांबी क्वाडांनी भरायची, दोन ओळींत अंतर हवं तर शिशाची पट्टी सरकवायची. हे तुकडे अक्षरांपेक्षा बुटके, म्हणून त्यांना शाई लागत नाही. पण ते नसतील तर पान उचलताक्षणी सगळी अक्षरं घरंगळतील. कवितेचं पान हलकं असणार, असा माझा समज. अण्णांनी सुतळीनं बांधलेलं ते पान माझ्या हातांवर ठेवलं तेव्हा मनगटं खाली गेली.

''तू जागा सोडतोस, भरतो मी. भरण्यासारखी सोड.''

काव्यशास्त्रावर पुढे बरंच वाचलं. त्यातलं फार थोडं आता आठवतं.

अण्णा पुस्तकं विकत घेऊन वाचणारे नव्हते. पण जुळवता जुळवता पुष्कळ पाठ झालेलं, तेही उलट्या अक्षरांतून. बहिणाबाईंवर त्यांचा विशेष जीव. असोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना तिला ओव्या सुचत, त्या तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरींनी टिपून ठेवल्या. ती 1951 साली गेली, पुस्तक निघालं 1952 साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे तिची अक्षरं खिळ्यांवर चढली तेव्हा ती नव्हतीच. ''ओळ कुठं मोडायची हे तिला जात्यानं सांगितलं,'' अण्णा म्हणायचे. ''खुंट्याचा फेरा पुरा, ओळ पुरी. तुझ्याकडं काय आहे?'' माझ्याकडे तेव्हा एक शाईपेन होतं.

मग कॉम्प्युटर आले. खिळे किलोवर भंगारात गेले, अण्णा घरी बसले. माझा पहिला संग्रह निघाला त्यात ऋणनिर्देशाचं अख्खं पान होतं: दोन प्राध्यापक, तीन संपादक, मुखपृष्ठ करणारा मित्र. अण्णांचं नाव राहून गेलं. राहून गेलं म्हणतो, पण खरं तर सुचलंच नाही.

प्रत द्यायला गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांनी पुस्तक डोळ्यांशी धरलं. ऋणनिर्देशाचं पान वाचलं, उलटलं. बऱ्याच वेळानं एका कवितेवर अंगठा ठेवून म्हणाले, ''हिची शेवटची ओळ जास्तीची आहे.''

घरी येऊन पाहिलं. होती.

दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ काढायची आणि अण्णांचं नाव घालायचं, असं ठरवून टाकलं. पण कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघते कुठे! अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली. ओळ अजून तिथंच आहे.