अब्बांचा आवाज किती बिटचा?

अब्बा कुवैतमध्ये होते तेव्हा आमच्याकडे पत्रं कमी आणि कॅसेटी जास्त यायच्या. सुट्टीवर येणाऱ्या गावच्या कुणाच्या तरी बॅगेतून साबणाच्या वड्या, टँगचा डबा आणि एक टेप. कोकणातल्या आमच्यासारख्या बऱ्याच मुस्लिम घरांत हीच रीत होती. ज्याला धड लिहिता येत नसे, तोही टेपवर अर्धा तास बोलायचा.

बारा वर्षांपूर्वी, अब्बा गेल्यावर, मी त्यातल्या पाच टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. 16 बिटमध्ये. पुढच्या पावसाळ्यांत मूळ टेपांना बुरशी लागली, दोन तर वाजवताना तुकडे तुकडे झाल्या. गेल्या वर्षी एका दुकानदाराने फाइल ऐकून मान हलवली. "16 बिट? अर्धा आवाज गेला की हो भाई. 24 मध्ये घ्यायला हवं होतं." त्या 'गेला'ने माझी झोप उडवली.

मग हिशेब मांडायला बसलो. आवाज डिजिटल करताना सेकंदाला हजारो वेळा त्याची पातळी मोजतात. 16 बिटच्या मोजपट्टीवर 65,536 खुणा असतात, 24 बिटच्या पट्टीवर 1,67,77,216. हे आकडे पाहून कुणीही दिपेल. पण जास्त खुणांनी आवाज गोड होत नाही, फक्त तळाची खरखर आणखी खाली जाते. सर्वांत मोठा आवाज आणि ती खरखर यांत 16 बिटला सुमारे 96 डेसिबलचं अंतर मिळतं. 24 बिटला 144, तेही कागदावर. चांगली यंत्रं 120च्या आसपासच दमतात. आणि साध्या कॅसेटची स्वतःची खरखर? ती 50-55 डेसिबल खालीच सुरू होते. तांब्याभर पाणी घागरीत ओता नाहीतर रांजणात, पाणी तेवढंच.

हिशेब पटला, मनाला पटेना. एक टेप पुसूनपासून वाजती केली, 24 बिटमध्ये घेतली, तिचीच 16 बिटची प्रत काढली आणि मुलीकडे पाठ करून बसलो. "अब्बू, आता कुठली?" असं वीस वेळा झालं. माझी अकरा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. बायको म्हणाली, दोन्हींत तुमचे अब्बा मनीऑर्डरचाच हिशेब सांगतायत.

अमेरिकेत मायर आणि मोरान यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. सुपर ऑडिओ सीडीच्या वाटेत त्यांनी गुपचूप सीडीच्या दर्जाचा, म्हणजे 16 बिटचा, टप्पा घातला. 2007 साली छापलेला निकाल : 554 पैकी 276 उत्तरं बरोबर. शांत तुकड्यावर आवाज भरमसाट वाढवला तेव्हाच काय तो खरखरीतला फरक कळला. न्यायाने सांगायचं तर 2016 साली जोशुआ रीस यांनी अशा 18 प्रयोगांची बेरीज केली, तेव्हा बरोबर उत्तरं 52.3 टक्के निघाली. त्यातही निव्वळ बिटांचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. एवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे तर ज्याचे त्याने मोजावेत.

24 बिट निरुपयोगी आहे असं नाही. त्याचं खरं काम ऐकताना नाही, रेकॉर्ड करताना आहे. बोलणारा कधी ओरडेल, कधी हसेल, सांगता येत नाही. 24 बिटमध्ये पातळी बिनधास्त खाली ठेवून वर भरपूर जागा सोडता येते, नंतर आवाज वाढवला तरी तळाची खरखर कानात येत नाही.

हे वाचताना मला तिसरी टेप आठवली. अब्बा खोलीतल्या सोबत्याच्या जेवणाची नक्कल करतात आणि खो खो हसतात. फाइलमध्ये ते हसणं फाटलेलं आहे, पत्र्यावर खडे पडावेत तसं. मूळ टेपवर ते स्वच्छ होतं, मला पक्कं आठवतं. त्या दिवशी लाल दिवा लागत होता आणि मी पातळी उतरवली नव्हती. 12 डेसिबल खाली घेतलं असतं तर 16 बिटमध्येही हसणं सबंध राहिलं असतं. तेव्हा बिट पुरेसे होते, माझं लक्ष नव्हतं.

ती टेप तुकडे झालेल्या दोहोंपैकी एक. दुकानदाराचं बोलणं मी अम्मीला सांगितलं होतं, हे सांगितलेलं नाही. ती ते हसणं रोज ऐकते.