नव्या तारेचे वरसंशोधन

मध्यमवर्गीय माणूस डॉक्टर बदलत नाही, दूधवाला बदलत नाही, आणि वाणी तर दोन पिढ्यांचा असतो. अशा घराने इंटरनेटची कंपनी बदलायची म्हणजे वरसंशोधनच! डोंबिवलीच्या आमच्या घरी यंदाच्या पावसाळ्यात ते पार पडले.

निमित्त आईचे. वयोमानाने तिला ऐकू येत नाही. ओठांवरून ती बोलणे ओळखते. दर रविवारी सकाळी टोरांटोहून आमचा थोरला पडद्यावर येतो, तेव्हा चित्र हेच तिचे कान. जुन्या कंपनीच्या कृपेने तो "आजी, मी" एवढे म्हणून उघड्या तोंडाने थिजायचा, आणि आई त्या तोंडाकडे बघून उगीच मान डोलवायची. ते काही मला पाहवेना.

स्थळे पुष्कळ आली. प्रत्येकाच्या पत्रिकेत वेग ठळक अक्षरांत : कुणाचा शंभर, कुणाचा तीनशे. पण हे मेगाबिट, बरे का! ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० मेगाबिटवाला सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट घरात आणणार. शिवाय एकमेकांना बघत बोलायला चार-पाच मेगाबिट पुरतात; फक्त ते अखंड हवेत, आणि येतात तसे जायलाही हवेत, नाहीतर नातवाला आजी कशी दिसणार? मग तीनशे कुणासाठी? "माझ्यासाठी," धाकटे चिरंजीव म्हणाले. असो.

आमची ही माझ्याहून व्यवहारी. रात्री नऊ वाजता, सारी इमारत सिनेमे बघत असते त्या वेळी, ती हळदीकुंकवाला जावे तशी तीन बिऱ्हाडांत जाऊन आली. कुणाची तार नेमकी त्याच वेळी दम टाकते, कुणाची काचेची तार थेट घरात येते आणि कुणाची जिन्यापाशीच संपून पुढे तांब्याची होते, हे तिला तासाभरात कळले. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, हेही तिनेच विचारून घेतले.

मग एका मोठ्या कंपनीचा टायवाला तरुण आला. सहा महिने अमुक फुकट, तमुक फुकट. आई त्याच्या ओठांकडे टक लावून बसली होती. तिने मध्येच विचारले, "बंद पडलं तर कोण येतं रे?"

"टोल-फ्री नंबर आहे ना, आजी!"

"मला ऐकू येत नाही," आई म्हणाली.

तो बिचारा चहा न घेताच गेला.

शेवटी मागच्या गल्लीतला केबलवाला ठरला. वेग बेताचाच, पण काचेची तार घरापर्यंत, आणि "आजी, गॅलरीतून नुसता हात करा" हे आश्वासन. आठ दिवस दोन्ही तारा शेजारी शेजारी ठेवल्या, दोन रविवार पारखून पाहिले, आणि मगच जुनीला निरोप दिला.

जुन्या कंपनीचे आता रोज गोड गोड फोन येतात. त्यांचा डबा न्यायला मात्र अजून कुणी आलेले नाही. तो कपाटावर आहे आणि आमची अनामत त्यांच्याकडे.