डिस्नीलँड : एक दिवस, पाच माणसं आणि एक बाकडं

मागच्या वर्षी आई-बाबा इंदूरहून आमच्याकडे कॅलिफोर्नियाला आले, तेव्हा त्यांच्या यादीत दोनच गोष्टी होत्या. आईला समुद्र बघायचा होता आणि बाबांना गोल्डन गेटचा पूल. डिस्नीलँड ही माझी भर.

"ते पोरांचं असतं. तुम्ही तिघं जा, आम्ही घर सांभाळतो," बाबा म्हणाले. त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरतायत, हे खरं कारण. ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तिकिटं काढून मोकळा झालो. एका माणसाला शंभर डॉलरच्या वर, पाच जणांचे मिळून पन्नास हजार रुपयांच्या आसपास. बाबांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "एवढ्यात चारधाम झाली असती रे."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची भावंडं, मुलं बाहेर आहेत. उद्या तुम्हीही आई-वडिलांना आणि एखाद्या चिमुरड्याला घेऊन अशा ठिकाणी एका दिवसासाठी जाल. म्हणून मी काय योजना केली, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि कुठे मी माती खाल्ली, ते सगळं लिहितो.

आम्ही सॅन होजेजवळ राहतो. डिस्नीलँड लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला अनाहाइम नावाच्या गावात आहे, म्हणजे जवळजवळ सहाशे किलोमीटर. त्यामुळे आदल्या दिवशी गाडीने जायचं आणि चालत जाता येईल अशा हॉटेलात मुक्काम करायचा, हे पहिलं ठरलं. पहाटे उठून इतक्या लांबून येऊन दिवसभर फिरणं वडीलधाऱ्यांना शक्य नाही, आपल्यालाही नाही.

दुसरी गोष्ट, तिथे शेजारी शेजारी दोन पार्क आहेत. एक १९५५ सालचं मूळ डिस्नीलँड आणि दुसरं २००१ साली उघडलेलं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. जास्त पैसे भरून एकाच दिवसात दोन्हीकडे जाता येतं. पहिल्यांदाच जात असाल तर हा मोह टाळा. एक पार्कच एका दिवसात पुरत नाही.

तिसरी गोष्ट वार. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. शाळा चालू असतानाचा मधला वार, मंगळवार किंवा बुधवार, स्वस्तही पडतो आणि गर्दीही कमी असते. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. आमची लेक साडेचार वर्षांची, म्हणजे तिकीट लागणार, पण मोठ्या राइड्सना उंची कमी पडणार.

उंचीचं हे प्रकरण घरीच निस्तरून जा. तिथे प्रत्येक मोठ्या राइडबाहेर मोजपट्टी असते आणि तिथला माणूस रडणाऱ्या मुलाकडे बघून नियम बदलत नाही. स्पेस माउंटन आणि बिग थंडर यांना ४० इंच लागतात, मॅटरहॉर्नला ४२, इंडियाना जोन्सला ४६. आम्ही स्वयंपाकघराच्या दाराला तिला बुटांसकट उभं केलं. साडेएकोणचाळीस! स्पेस माउंटन अर्ध्या इंचाने हुकलं. तिला आठवडाभर आधीच समजावलं, त्यामुळे तिथे रडारड झाली नाही. अशा वेळी आई-बाप आळीपाळीने जाऊ शकतात. एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने रांगेतून जाऊन यायचं, मग पहिल्याला पुन्हा ती सगळी रांग लावावी लागत नाही. दाराशी असलेल्या माणसाला आधी सांगायचं, एवढंच.

खाण्याचं सोपं आहे. घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची भांडी आणि दारू चालत नाही. आईने मेथीच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि इंदूरहून आणलेले शेव-परमल असं सगळं बांधलं. बाबांच्या चहाचा थर्मास वेगळा. खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

आता माझी एक्सेलची शीट. मी सॉफ्टवेअरवाला, रांगा कमीत कमी करणं हे माझ्यासाठी कोडंच होतं. सकाळी गेट उघडायच्या तासभर आधी पोचायचं. आधी फँटसीलँड, कारण पीटर पॅन आणि डंबो या लहान मुलांच्या राइड्समध्ये एका वेळी थोडीच माणसं बसतात, त्यामुळे दहानंतर त्यांच्या रांगा लांबतच जातात. दुपारी उन्हात पायरेट्स किंवा 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' यांसारख्या होडीतून फिरवणाऱ्या राइड्स, त्यांची रांग मोठी दिसली तरी भराभर सरकते. जादा पैसे भरून रांग छोटी करायची सोय अ‍ॅपवर असते, तिची वेळ निवडायची. मी सगळं पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटीत बसवलं. एकोणीस ओळी झाल्या. बायकोने बघितलं आणि विचारलं, "यात बाबांचं बसणं कुठे आहे?"

मी म्हटलं, "रांगेत कठडे असतात."

आणि व्हीलचेअर. ती दाराशी भाड्याने मिळते. मी घेऊ या म्हटल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मी काय आजारी आहे?" विषय संपला. पण आई माझ्यापेक्षा हुशार निघाली. सकाळी दाराशी पोचल्यावर तिने सरळ सांगितलं, "एवढ्या पिशव्या कोण उचलणार? घे ती खुर्ची." खुर्चीवर दशम्या, थर्मास, स्वेटर आणि लेकीचा ससा बसला आणि बाबा ती ढकलत निघाले. हातांना आधार मिळाला, त्यामुळे चालही सुधारली. कोणीच काही बोललं नाही.

आत गेल्या गेल्या डाव्या हाताला सिटी हॉल आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांना तिथे 'पहिली भेट' असा गोल बिल्ला फुकट देतात. लेकीने स्वतःला लावला आणि एक आजोबांच्या शर्टाला. त्यानंतर दिवसभर झाडूवाल्यापासून आइस्क्रीमवाल्यापर्यंत प्रत्येकजण बाबांना "वेलकम सर" म्हणत होता. बाबा विद्युत मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांना इतक्या वेळा कोणी सर म्हटलं नसेल.

अकरापर्यंत शीट छान चालली. डंबो झाला, पीटर पॅन झालं. मग माझी चूक बाहेर आली. दोन राइड्समधलं अंतर मी नकाशावर मोजलं होतं, आमच्या माणसांवर नाही. साडेचार वर्षांचं मूल, गुडघेदुखीवाले आजोबा, बाथरूम, चहा, फुगा, फोटो. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास. पैसे भरून घेतलेली एक वेळ चुकली. दुसरी चुकायच्या बेतात होती आणि आम्ही राजवाड्यासमोर होतो. तिथे बाबा एका बाकड्यावर बसले.

"तुम्ही या फिरून. मी इथे बसतो."

"बाबा, दहाच मिनिटं आहेत."

"अरे, या ना. मला इथे बरं वाटतंय."

मी म्हणालो, "बाकड्यावरच बसायचं होतं तर इंदूरच्या नेहरू पार्कात काय वाईट होतं?"

बोललो आणि त्याच क्षणी कळलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला, पर्समध्ये टाकला आणि लेकीला घेऊन त्याच बाकड्यावर बसली.

मी उभाच होतो. जायच्या आधी मी या जागेबद्दल बरंच वाचलं होतं. वॉल्ट डिस्नी सांगायचे की ते लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुलींना घोड्यांच्या चक्रावर बसवून स्वतः बाकड्यावर बसायचे. तिथेच त्यांना वाटलं, की आई-बापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा असायला हवी. म्हणजे या सगळ्याची सुरुवात बाकड्यावर बसलेल्या एका बापापासून झाली. आणि त्यांची योजनाही पहिल्या दिवशी कोसळली होती. १७ जुलै १९५५ ला उद्घाटन झालं, बनावट निमंत्रणांमुळे नको तितकी गर्दी उसळली, नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे आणि उन्हात डांबर इतकं मऊ, की बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मी बापाला तसं बोललो.

आमच्या लहानपणी अनंत चतुर्दशीला इंदूरमध्ये झांकी बघायला जायचो. तुमच्यातल्या इंदूरकरांना सांगायला नको. गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली, मी तेव्हा अगदी लहान. बाबा मला खांद्यावर घेऊन जेल रोडवर उभे राहायचे. मध्यरात्र उलटली की मी खांद्यावरच झोपायचो. मग बाबा उरलेल्या झांक्या सोडून मला उचलून घरी चालत आणायचे. "शेवटच्या दोन राहिल्या रे," असं ते दुसऱ्या दिवशी हसत सांगायचे. ती माझ्यामुळे राहिली, असं एकदाही म्हणाले नाहीत.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. "चुकलं माझं," म्हणालो. बाबांनी थर्मासच्या झाकणात उरलेला चहा माझ्यापुढे केला. "साखर कमी आहे," एवढंच बोलले.

त्यानंतर शीट पर्समध्येच राहिली. आजोबांना काय आवडेल ते लेकीने ठरवलं, "आजोबांना ट्रेन." डिस्नीलँडला वळसा घालणारी वाफेच्या इंजिनाची रेल्वे आहे. वॉल्ट डिस्नींना रेल्वेचं वेड होतं आणि ही गाडी पहिल्या दिवसापासून धावते आहे. बाबांनी आधी वाकून रूळ बघितले. "ही आपल्या महू-पातालपाणीच्या मीटरगेजपेक्षाही अरुंद दिसते." मी नंतर बघितलं. हे रूळ तीन फुटांचे, आपली मीटरगेज त्याहून सव्वातीन इंच जास्त. बाबांचा डोळा बरोबर होता. पूर्ण फेरी वीसेक मिनिटांची. वाटेत ग्रँड कॅन्यनचा देखावा आणि डायनासोर लागतात. बाबांनी तीन फेऱ्या मारल्या. बसूनच संपूर्ण पार्क बघून झालं, पाय न दुखवता. माझ्या एकोणीस ओळींत ही रेल्वे नव्हती, कारण तिला रांगच नसते.

मग 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'. होडीत बसून देशोदेशीच्या नाचणाऱ्या बाहुल्यांमधून जायचं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी हे केलं होतं, १९६६ साली इथे आणून बसवलं. भारताच्या भागात ताजमहाल दिसल्यावर लेक ओरडली. आई गालातल्या गालात हसत होती. बाबा बाहुल्यांच्या माना कशा हलतात ते निरखत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ही झांकीच आहे. फरक एवढाच, की तिथे झांकी आपल्यासमोरून जाते, इथे आपण झांकीसमोरून जातो."

पायरेट्सला होडी अंधारात दोनदा खाली घसरते. आईने माझा दंड इतका आवळला की वळ उठला, पण बाहेर आल्यावर "पुन्हा जाऊ या का?" तिनेच विचारलं.

संध्याकाळी गर्दी वाढली तेव्हा बाबांनी खुर्चीवरच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि निमूट बसले. मी ढकलत होतो, पिशव्या बायकोच्या खांद्यावर. रात्री मेन स्ट्रीटवर आतषबाजीला थांबलो. तिथल्या फायर स्टेशनच्या वरच्या खोलीत वॉल्ट डिस्नी मुक्कामाला राहायचे, त्यांच्या आठवणीसाठी खिडकीत एक दिवा कायम लावलेला असतो. तो बाबांना दाखवला. आतषबाजीच्या मध्यावरच लेक माझ्या खांद्यावर झोपली. "चल, निघू या," बाबा म्हणाले. "राहू दे शेवटचं."

एकोणीसपैकी आठ गोष्टी झाल्या. माझा सल्ला विचाराल तर तारीख, उंची, सकाळची वेळ आणि डबा एवढ्याची योजना नीट करा. अकरानंतरचं पान कोरं सोडा. आणि आधी घरच्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाबरोबर एकदा कोपऱ्यापर्यंत चालून या. तो तुमच्या नकाशाचा खरा वेग.

यंदा अनंत चतुर्दशीला आम्ही इंदूरला येतोय. योजना बाबांची. परवा घरच्या ग्रुपवर आलीसुद्धा: दुपारी सगळ्यांनी झोप काढायची, रात्री नऊला निघायचं, जेल रोडवर ओळखीच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसायचं, थर्मास दोन. शेवटी एक ओळ होती, "बिल्ला सापडलाय. ईश्वरकृपेने गुडघे बरे आहेत. पोरीला झोप आली तर मी आहे."