टेकलेलं पातं

लँडिंग आज छान झालं होतं. तेच मनातून जात नाही. मुख्य चाकं हळुवार टेकली, मग नाकाचं चाक, आणि मी मनानं केव्हाच पार्किंगला पोचले. विमानात एकटीच होते.

पार्किंगकडे जाताना वळणावर वारा डावीकडून, पाठीमागून आला. अशा वेळी योक, म्हणजे विमानाचं हातातलं सुकाणू, वाऱ्यापासून दूर, म्हणजे उजवीकडे, आणि पुढे ढकलून धरायचा. अगदी सुरुवातीला शिकवलेली गोष्ट. माझा हात सैल होता. झोत शेपटीखाली शिरला, डावा पंख उचलला गेला, उजव्याचं टोक डांबरावर घासलं आणि प्रोपेलरचं पातं आदळलं. मग इंजिनच बंद. मिक्स्चर, मॅग्नेटो, मास्टर स्विच... हात आपोआप चालले.

सेस्ना १७२ हलकं, वरच्या पंखांचं विमान. वाऱ्याच्या लेखी ते जमिनीवरही विमानच असतं. मी मात्र चाकं टेकताच त्याला गाडी समजले. तेनेरिफच्या धावपट्टीवर १९७७ साली दोन जंबो जेट धडकून ५८३ माणसं गेली, हे मी वर्गात वहीत उतरवून घेतलं होतं. तरीही भीती मी आकाशासाठीच राखून ठेवली.

मेकॅनिक काका वाकलेल्या पात्यावरून बराच वेळ हात फिरवत होते. नुसतं पातं बदलून भागणार नाही. धक्का क्रँकशाफ्टपर्यंत जातो, त्यामुळे इंजिन उघडून तडे शोधावे लागतील. ते मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आईनं फोनवर एकच विचारलं, "लागलं नाही ना गं कुठं?"

नाही म्हणाले. उजवा हात अजून मुठीत घट्ट आहे.