मैदान आणि गणित

नांदेड येथे श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने भरणारे हॉकीचे अखिल भारतीय सामने पाहून आमच्या एका विद्यार्थ्याने निश्चय केला की, खेळाच्या बळावरच महाविद्यालयात प्रवेश मिळवावयाचा. लातूरहून निवडचाचणीस आम्हीच त्याला घेऊन गेलो. खेळ उत्तम झाला. परंतु गुणपत्रिका पाहताच नकार मिळाला. पालकहो, दोष आमचाच होता. सरावासाठी त्याचे गणिताचे तास आम्हीच माफ केले होते. रांचीच्या मिशन शाळेतील जयपालसिंग १९२८ साली ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे कर्णधार होते, हे आम्ही त्यास वारंवार सांगितले; त्यांनी ऑक्सफर्डची पदवीही मिळविली होती, हे सांगावयाचे राहिले. असो. यंदा तो पुनश्च परीक्षेस बसत आहे. पहाटे मैदान, रात्री गणित. आणि दोन्ही वेळी आम्ही त्याच्यासमवेत असतो.