सारख्या घरांचे गाव



औशाहून उमरग्याकडे जाताना वाटेत किल्लारीचा परिसर लागतो. काळी जमीन, सोयाबीन-तुरीची शेते, मधूनच उसाचा फड आणि जवळून वाहणारी तेरणा. कधी या बाजूला गेलात, तर मुद्दाम आत वळून एखादे पुनर्वसित गाव पाहा. सरळ रस्ते, काटकोनातले चौक आणि ओळीने उभी असलेली एकाच मापाची घरे. पहिल्या नजरेत हे गाव डोळ्यांत भरत नाही. तेथे राहायला आलेल्यांनाही ते आवडले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, येथे भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. जुनी घरे दिसायला भक्कम होती. दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, लाकडी खण आणि वर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात आत गारवा असायचा. परंतु दगड चिखलात बसविलेले, भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि माळवदाचे सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ज्याची जशी जमीन, तसे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांचे घर. घर मजबूत मिळाले, पण त्यात ढाळज नव्हती, बैल कोठे बांधावेत, कडबा कोठे रचावा, याची सोय नव्हती. भावकी एका टोकाला, शेजार दुसऱ्या टोकाला. चैत्र-वैशाखात छत तापायचे. शिवाय मनात भीती होतीच. कित्येक कुटुंबे बरेच दिवस पक्के घर सोडून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपत.

एका गावात एक आजीबाई भेटल्या. म्हणाल्या, "साहेब, पहिली दोन वर्सं म्या ह्याला घर म्हनलंच न्हाई. नंबर म्हनायचे. मग दारात लिंब लावला, तुळस आणली, म्होरं पडवी काढली. लिंबाची सावली उंबऱ्यावर आली, तवा घर म्हनू लागले."

आज त्या ओळींमधून चालताना दोन घरे सारखी दिसत नाहीत. कोठे पडवी, कोठे गोठा, कोठे दोडक्याचा मांडव, कोठे निळ्या रंगाची भिंत. हे एका वर्षात झालेले नाही. हाती चार पैसे आले की एक काम, असे करत करत झाले आहे.

तुमचे घरही असेच मनाविरुद्ध पदरी पडलेले असेल. घरकुलाचे असेल, वाटणीत आलेले असेल. ते पाडून नवे बांधण्याची ऐपत नसेल, तर वर्षाला एक काम धरा. क्रम मात्र चुकवू नका.

आधी पाण्याचा बंदोबस्त करा. मृगापूर्वी छताच्या भेगा बुजवा. काळी जमीन पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे पायाजवळ पाणी मुरू दिले तर भिंतींना तडे जातात. न्हाणीचे पाणी नळीने किंवा पाटाने दूर नेऊन केळी, अळू, कढीपत्ता यांना द्या.

मग उन्हाचे पाहा. उन्हाळ्याच्या तोंडी छताला चुन्याचा पांढरा हात दिला, तर घर कमी तापते. पश्चिमेला लिंब लावा, पण भिंतीला खेटून नको, चांगले अंतर ठेवून. झाड वाढेपर्यंत मांडवावर कारले-दोडका चढवा. सावलीही होईल आणि भाजीही.

जागा वाढविणे सर्वांत शेवटी. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या गावातले दगड फुकट मिळतात म्हणून चिखलात भिंत उभारू नका. पडवी किंवा गोठा हलका करा. पत्रे हुकाने घट्ट आवळा, त्यांवर धोंडे ठेवू नका. दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती फिरलेली काँक्रीटची पट्टी कोणत्याही कारणाने तोडू नका. धक्का बसला तर चारही भिंतींना तीच एकत्र धरते. भिंतीत नवे दार पाडायचे असेल, तर आधी अभियंत्याला विचारा.

आणि घरात कोणते काम आधी करायचे, हे घरातल्या बाईला विचारा. दिवसभर त्या भिंतींत वावरते ती. चूल कोठे धुरते, ओल कोठे येते, ऊन कोठून आत घुसते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

पाऊस सुरू झाला की लिंबाचे एक रोप आणून लावा. उन्हाळ्यात त्याला न्हाणीचे पाणी मिळेल, अशी जागा आजच पाहून ठेवा.